एका लॉकरची चौकशी, किल्ली मात्र सगळ्यांची

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी ब्रिटनमधल्या आयफोनधारकांची एक सोय काढून घेण्यात आली. ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ हे तिचे नाव. ज्यांनी ती आधी सुरू केली नव्हती, त्यांना सेटिंगमध्ये गेल्यावर ‘ब्रिटनमध्ये नव्या वापरकर्त्यांना ही सोय देता येणार नाही’ अशा आशयाची सूचना दिसू लागली. बाकी जगात सोय चालूच होती. तिच्यात बिघाड झाला नव्हता. उलट, ती फार चांगले काम करत होती आणि वादाचे मूळ नेमके तेच होते.

त्याआधी दोन आठवडे ‘द वॉशिंग्टन पोस्ट’ने बातमी दिली होती, की ब्रिटनच्या गृह खात्याने जानेवारीत ॲपल कंपनीला एक गुप्त आदेश बजावला आहे. वापरकर्त्यांनी कंपनीच्या आयक्लाउड या साठवण सेवेत ठेवलेली कूटबद्ध माहिती, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी माहिती, गरज पडेल तेव्हा उघडता यावी अशी व्यवस्था करा, असे त्यात म्हटले होते. आणि ही मागणी फक्त ब्रिटिश नागरिकांपुरती नव्हती. जगात कुठेही राहणाऱ्या वापरकर्त्याची माहिती तिच्या कक्षेत येत होती. आदेशाला आधार होता ब्रिटनच्या २०१६ च्या ‘इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ॲक्ट’चा. या कायद्याखाली नोटीस मिळालेल्या कंपनीला तशी नोटीस मिळाली आहे एवढेही बाहेर सांगता येत नाही. सरकारनेही तिच्या अस्तित्वाला दुजोरा दिला नाही आणि इन्कारही केला नाही.

कंपनीने चोरवाट बांधली नाही. तिने ब्रिटनपुरते ते भक्कम कुलूपच विकणे थांबवले. ज्या ब्रिटिश ग्राहकांनी ते आधीच लावले होते, त्यांच्याबाबत एक मजेशीर अडचण समोर आली. कंपनीला ते परस्पर काढता येत नव्हते, कारण किल्ली तिच्याकडे नव्हतीच. ग्राहकांनी ते स्वतःच बंद करावे, असे सांगावे लागणार होते. ही अडचण समजली, की या वादातले विज्ञान निम्मे समजले.

बँकेचा लॉकर आणि फोनचे कुलूप

आपल्याकडच्या बँकेतला लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात. एक ग्राहकाची, दुसरी बँकेची. ग्राहक किल्ली द्यायला तयार नसेल आणि अधिकृत यंत्रणेचा रीतसर आदेश असेल, तर लॉकर साक्षीदारांसमोर फोडला जातो. त्याची नोंद होते. फोडलेला लॉकर एकच असतो, शेजारच्या लॉकरांना धक्का लागत नाही. कायद्याचे राज्य आणि खासगी मालमत्ता यांच्यात समाजाने घातलेली ही सांगड आहे. मग फोनमधल्या माहितीलाही तोच नियम का लावू नये, हा सरकारांचा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो.

इंटरनेटवरची बरीचशी साठवण आजही जवळपास लॉकरसारखीच आहे. माहिती कूटबद्ध असते, पण किल्लीची एक प्रत सेवा देणाऱ्या कंपनीकडे असते. म्हणूनच पासवर्ड विसरलेल्या ग्राहकाला कंपनी त्याचे फोटो परत मिळवून देऊ शकते आणि न्यायालयाचा आदेश आला तर तेच फोटो पोलिसांनाही देऊ शकते.

‘एंड टू एंड एन्क्रिप्शन’मध्ये ही दुसरी किल्ली काढून टाकलेली असते. किल्ली तयार होते ती वापरकर्त्याच्या फोनमध्येच आणि राहते त्याच्याच उपकरणांवर. मधल्या संगणकांवर पोचते ती केवळ अर्थहीन अक्षरांची रास. दोन अनोळखी फोन आधी कधी न भेटता, सगळ्यांच्या देखत निरोप पाठवून, फक्त त्या दोघांनाच ठाऊक असेल अशी किल्ली कशी ठरवतात, याचे उत्तर व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडले. एका दिशेने सोपे आणि उलट दिशेने जवळजवळ अशक्य अशा गणितावर ते उभे आहे. त्याबद्दल दोघांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा २०१५ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. व्हॉट्सॲपने २०१६ पासून सर्व संभाषणांना अशीच पद्धत लावली आहे.

हे कुलूप किती मजबूत? १२८ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजायच्या तर ३४ या आकड्यावर ३७ शून्ये द्यावी लागतात. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहणारे यंत्र बसवले, तरी सगळ्या शक्यता संपायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या कोट्यवधी पट काळ लागेल. त्यामुळे पोलीस असो, हेर असो वा चोर, कुलूप फोडण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. सगळे शोधतात ती किल्ली किंवा भिंतीतली फट.

अहवालाचा फोटो कुठे जातो?

या वादाचा आरोग्याशी संबंध थेट आहे. आज सर्वांत खासगी अशी जी माहिती माणूस फोनमध्ये ठेवतो, तिच्यात प्रकृतीच्या माहितीचा वाटा मोठा आहे. रक्ताचे अहवाल, मासिक पाळीच्या नोंदी, मानसोपचारतज्ज्ञाशी झालेले बोलणे, एचआयव्हीच्या चाचणीचा निकाल, आईच्या स्मृतिभ्रंशाबद्दल भावंडांत झालेली चर्चा, सगळे त्यात असते.

ॲपलच्या व्यवस्थेत ‘हेल्थ’ ॲपमधली माहिती आणि साठवलेले पासवर्ड यांना वापरकर्त्याने काही न करताही एंड टू एंड संरक्षण मिळते. ब्रिटनमधल्या माघारीनंतरही ते कायम राहिले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ आले, तेव्हा असे संरक्षण असलेल्या माहितीचे प्रकार १४ वरून २३ झाले. वाढलेल्या प्रकारांत फोटो, टिपणे आणि फोनचा संपूर्ण बॅकअप होता.

म्हणजे ब्रिटनमध्ये आता चित्र असे, की ॲपमध्ये नोंदलेले हृदयाचे ठोके सुरक्षित. पण हृदयाच्या तपासणीच्या अहवालाचा काढलेला फोटो आयक्लाउडवर असेल, तर त्याची एक किल्ली कंपनीकडे आणि म्हणून सरकारच्या आवाक्यात. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न टिपणांत लिहून ठेवले असतील, तर तेही तसेच. माणूस आपली माहिती अशी खणाखणांत विभागून ठेवत नाही. त्याच्या लेखी ते एकच आजारपण असते.

अशी माहिती उघडी पडली तर काय होते, ते फिनलंडने २०२० मध्ये पाहिले. तिथल्या वास्तामो या मानसोपचार केंद्रांच्या साखळीतून सुमारे ३३ हजार रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या. त्या कूटबद्ध केलेल्याच नव्हत्या. चोराने आधी कंपनीकडे खंडणी मागितली आणि मग एकेका रुग्णाला ईमेल पाठवून धमकावले, की पैसे द्या, नाहीतर उपचाराच्या खोलीत जे बोललात ते जगजाहीर करतो. हा गुन्हा कोणत्या सरकारने केला नव्हता. पण किल्लीविना पडलेली माहिती कोणाच्या हाती लागेल, हे आधी सांगता येत नाही, एवढा धडा त्यातून मिळाला.

पोलिसांची बाजू

सरकारांची मागणी निव्वळ हेरगिरीच्या हौसेतून येते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची छायाचित्रे फिरवणाऱ्या टोळ्या कूटबद्ध सेवा वापरतात. दहशतवादी वापरतात, अमली पदार्थांचे व्यापारी वापरतात. हाती न्यायालयाचा आदेश आहे, संशयिताचा फोन टेबलावर आहे, पण उघडत नाही, असा अनुभव जगभरातल्या तपास अधिकाऱ्यांना येतो. बळी गेलेल्याच्या नातेवाइकांना अशा वेळी गणिताचे दाखले देऊन समाधान होत नाही.

२ डिसेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनो इथे दोन हल्लेखोरांनी १४ जणांचा जीव घेतला. एका हल्लेखोराचा आयफोन तपास यंत्रणेच्या हाती लागला. पण दहा वेळा चुकीचा आकडा टाकल्यास आतली माहिती पुसली जाण्याची शक्यता होती. ही मर्यादा काढून टाकणारी खास प्रणाली तयार करा, असा आदेश न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये ॲपलला दिला. त्यासाठी १७८९ सालच्या एका कायद्याचा आधार घेण्यात आला. कंपनीने नकार दिला. तिचे म्हणणे असे, की ही प्रणाली एकदा अस्तित्वात आली, की ती एका फोनपुरती राहणार नाही. निकाल लागण्याआधीच मार्चअखेर सरकारने माघार घेतली, कारण एका त्रयस्थाच्या मदतीने तो फोन उघडला गेला होता.

या प्रकरणाचा शेवट बोलका आहे. कुलूप सार्वत्रिक कमजोर न करताही तो एक फोन उघडता आला. वेळ लागला, पैसा लागला. पण फोडला गेला तो एकच लॉकर.

दार माणूस ओळखत नाही

‘फक्त चांगल्यांसाठी’ दुसरी किल्ली बनवण्याचे प्रयत्न नवे नाहीत. १९९३ मध्ये क्लिंटन सरकारने ‘क्लिपर’ नावाची चिप पुढे आणली. फोनवरचे बोलणे ती कूटबद्ध करणार होती. मात्र प्रत्येक चिपच्या किल्लीचे दोन भाग दोन सरकारी यंत्रणांकडे ठेवले जाणार होते. कागदावर योजना नीटस होती. १९९४ मध्ये बेल प्रयोगशाळेतले संशोधक मॅट ब्लेझ यांनी तिच्यातली चूक दाखवली. सरकारला किल्ली शोधून देणाऱ्या भागाची खातरजमा केवळ १६ बिटांच्या आकड्याने होत होती. १६ बिटांचे एकूण पर्याय ६५ हजार ५३६. एवढे पर्याय संगणक सहज तपासू शकतो. म्हणजे ज्याला सरकारला चकवायचे आहे, तो बनावट भाग तयार करून खुशाल बोलू शकत होता. काही वर्षांतच क्लिपर बासनात गेली.

ग्रीसमधली गोष्ट याहून गंभीर. तिथल्या व्होडाफोनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगसाठी लागणारी यंत्रणा मूळ सॉफ्टवेअरमध्येच होती. अज्ञात घुसखोरांनी तीच यंत्रणा गुपचूप चालू केली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या सुमारास सुरू झालेले हे टॅपिंग मार्च २००५ पर्यंत चालले. ऐकले जाणाऱ्या शंभराहून अधिक फोनांमध्ये खुद्द पंतप्रधान कोस्तास कारामानलिस यांचा फोन होता. पोलिसांसाठी ठेवलेल्या दारातून आलेल्यांनी सरकारचेच घर लुटले.

अमेरिकेला हा अनुभव २०२४ मध्ये आला. १९९४ च्या कायद्याने तिथल्या दूरसंचार कंपन्यांना टॅपिंगची सोय करून ठेवणे बंधनकारक आहे. चीनशी संबंधित मानल्या जाणाऱ्या ‘सॉल्ट टायफून’ या हॅकरगटाने मोठ्या दूरसंचार कंपन्यांत शिरकाव केला आणि कायदेशीर टॅपिंगच्या यंत्रणांपर्यंतही मजल मारली. त्यानंतर अमेरिकी सायबर सुरक्षा अधिकाऱ्यांनी लोकांना सल्ला दिला, की शक्यतो कूटबद्ध संदेशसेवा वापरा. वर्षानुवर्षे याच कूटबद्धतेविरुद्ध तक्रार करणाऱ्या सरकारचे अधिकारी हे सांगत होते.

पुढे वेगळ्या कल्पनाही आल्या. ब्रिटनच्या गुप्तचर यंत्रणेतल्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये सुचवले, की कुलूप तोडू नका, संभाषणात एक अदृश्य तिसरा माणूस बसवा. ॲपलने स्वतः २०२१ मध्ये आयक्लाउडवर चढणारे फोटो आधी फोनमध्येच तपासण्याची योजना जाहीर केली. हेतू होता बालशोषणाची छायाचित्रे पकडण्याचा. मात्र आज बालशोषणाची छायाचित्रे शोधणारी यंत्रणा उद्या एखाद्या राजवटीने दिलेली निषेधाची पत्रकेही शोधेल, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला आणि २०२२ मध्ये कंपनीने योजना सोडून दिली.

या सगळ्या प्रयत्नांची अडचण एकच आहे. गणिताला माणूस ओळखता येत नाही. किल्ली लागली की कुलूप उघडते. ती न्यायाधीशाच्या आदेशाने लागली की चोराच्या हाताने, हे कुलपाला कळत नाही. लॉकर फोडताना आधी माणूस ठरतो, मग लॉकर फुटतो. इथे सगळ्यांचे कुलूप आधी कमजोर करावे लागते आणि माणूस नंतर ठरतो.

भारतातही तोच पेच

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर भारत सरकारने ब्लॅकबेरी फोनवरच्या संदेशांची मागणी लावून धरली. २०१० मध्ये सेवा बंद करण्याचा इशाराही देण्यात आला. कार्यालयीन ग्राहकांच्या ईमेलची किल्ली आपल्याकडे नाहीच, असे कंपनी सांगत राहिली. वैयक्तिक ग्राहकांच्या संदेशांबाबत मात्र तडजोड झाली. सरकारी मागण्या हाताळण्यासाठी कंपनीने मुंबईत व्यवस्था उभारल्याचे वृत्त २०११ मध्ये आले.

आज वाद आहे तो व्हॉट्सॲपचा. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशसेवेने, रीतसर आदेश आल्यास, एखादा संदेश देशात सर्वप्रथम कोणी पाठवला हे शोधून द्यायला हवे. अफवांमुळे जमावाच्या हातून झालेल्या हत्या देशाने पाहिल्या आहेत, त्यामुळे या नियमामागची चिंता खोटी नाही. मजकूर वाचायला आम्ही सांगत नाही, फक्त उगम विचारतो, तोही गंभीर गुन्ह्यांत, अशी सरकारची भूमिका आहे.

तांत्रिक अडचण मात्र तीच. कोणत्या संदेशाचा उगम उद्या विचारला जाईल, हे आज ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक संदेशाची खूण पाठवणाऱ्याच्या नावाशी जोडून जपावी लागेल. एका अफवेचा माग काढण्यासाठी कोट्यवधी लोकांच्या ‘सुप्रभात’चाही हिशेब ठेवावा लागेल. व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये या तरतुदीला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. एन्क्रिप्शन तोडायला सांगितले तर भारतातली सेवा बंद होईल, असे कंपनीच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाला सांगितले.

या वादाला मोजपट्टी आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. तो अमर्याद नाही. पण त्यावर गदा आणायची तर त्यामागे कायदा हवा, वैध हेतू हवा आणि उपाय प्रमाणात हवा. एका संशयिताच्या फोनसाठी त्याच्यापुरता आदेश काढणे आणि एका संशयितासाठी सगळ्यांचे कुलूप सैल करणे यांतला फरक या तिसऱ्या कसोटीवर तपासावा लागतो.

पुढे काय झाले?

ब्रिटनमध्ये ॲपलने त्या आदेशाविरुद्ध विशेष न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. असा खटला चालू आहे हेसुद्धा गुप्त ठेवावे, ही सरकारची विनंती न्यायाधिकरणाने एप्रिल २०२५ मध्ये फेटाळली. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तचर संचालक तुलसी गॅबर्ड यांनी ब्रिटनने मागणी सोडल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा वृत्त आले, की ब्रिटनने सप्टेंबरमध्ये नवा आदेश काढला असून तो ब्रिटिश वापरकर्त्यांपुरता मर्यादित आहे. परक्यांना वगळले, घरच्यांना नाही.

सरकारे आणि कंपन्या यांच्यातली ही रस्सीखेच लवकर संपणारी नाही. मात्र सामान्य माणसाच्या हातात एक गोष्ट आहे. व्हॉट्सॲपवरचे संभाषण कूटबद्ध असले, तरी त्याचा गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणारा बॅकअप आपोआप एंड टू एंड कूटबद्ध होत नाही. ही सोय २०२१ पासून उपलब्ध आहे, पण ती सेटिंगमध्ये ‘चॅट्स’खाली ‘चॅट बॅकअप’मध्ये जाऊन स्वतः सुरू करावी लागते. डॉक्टरांनी पाठवलेली औषधाची चिठ्ठी आणि प्रयोगशाळेचा अहवाल त्याच बॅकअपमध्ये जातो. सोय सुरू केल्यावर तिचा पासवर्ड किंवा किल्ली घरात कुठेतरी नीट लिहून ठेवावी. ती हरवली आणि फोनही गेला, तर बॅकअप उघडून द्यायला कंपनीला सांगून उपयोग नाही. तिच्याकडे किल्ली नसणे, हीच तर त्या कुलपाची खरी ताकद आहे.